एकाच तांब्यातलं पाणी

माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. हसनाबादच्या पुढं डांबर संपून मुरमाचा रस्ता लागतो, त्याच्या कडेला हा माळ. एरवी तिथं शेळ्याही फार वेळ थांबत नाहीत. पण त्या अमावस्येला भर दुपारी टेम्पो, मोटारसायकली, उसाच्या रसाचा गाडा आणि डोक्यावर पदर, टोप्या, रुमाल घेतलेली शेपाचशे माणसं असा सगळा बाजार भरला होता. अर्ध्या लोकांचे मोबाइल वर धरलेले होते. सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर होती. देवळाच्या ओट्यावर, लाल फडक्यावर ठेवलेला एक पितळी तांब्या.

"इथं पोलीस न्हाई!" बद्रीनाथ महाराज माइकमधून गरजले. माइकला घुमारा लावलेला असल्यामुळं एकदा बोललेलं तीनदा ऐकू येत होतं. "इथं वकील न्हाई! इथं वर्सानुवर्स तारखा पडत न्हाईत! एक तांब्या, दोन घोट, अन् हातोहात निकाल! बराबर का न्हाई?"

"बराबर!" माळ ओरडला.

"दोघींनी एकाच तांब्यातलं तीर्थ प्यायचं. खरी असंल तिला ते दूध होतं. खोटी असंल तिला ते इंगळ होतं. आता तुमी म्हन्चाल, महाराज, तुमी काय केलं? तर मी काय बी केलं न्हाई! मी देवाचा पोस्टमन. पाकीट देवाचं, मजकूर देवाचा. मी फक्त वाटून राह्यलो!"

देवाच्या या पोस्टमनसाठी देवळामागं गार हवेची पांढरी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती, पण तिकडं पाहायला कुणाला सवड नव्हती.

ओट्यासमोर, देवळाच्या सावलीत दोन बायका बसल्या होत्या. एक उषाबाई, साठीला टेकलेली, हडकुळी, सुती लुगड्यातली. दुसरी तिची सून शीतल, लग्नाला अजून दोन वर्षंही न झालेली. महाराजांनी तांब्यातलं पाणी सगळ्यांना दिसेल असं उंचावरून वाटीत ओतलं आणि आधी उषाबाईला दिलं. तिनं ते पिऊन टाकलं. कडू होतं, एवढं तिला कळलं. पण गेले कित्येक दिवस तिला चहासुद्धा तसाच लागत होता, त्यामुळं तिनं तोंड वाकडं केलं नाही. मग त्याच तांब्यातून, त्याच वाटीत, शीतलला. तिनं वाटी नुसतीच धरून ठेवली, तेव्हा काकासाहेबांनी, म्हणजे उषाबाईच्या धाकट्या दिरानं, वाटी धरून तिला पाजलं.

"फिर्याद जिची, तिनं बसून नाव घ्यायचं," महाराज म्हणाले. "आळ जिच्यावर, तिनं देवाला पळत फेऱ्या घालायच्या. थांबायचं न्हाई. खऱ्याला पळायची भीती कसली?"

शीतल उठली आणि पळू लागली.

उषाबाई डोळे मिटून बसली. नाव कुणाचं घ्यायचं ते तिला आठवेना, म्हणून ती नुसतीच बसली. बाजूनं धापांचा आवाज यायचा, दूर जायचा, पुन्हा यायचा. लोक टाळ्यांचा ठेका धरत होते. तिच्या छातीत काहीच होत नव्हतं. राग नाही, भीती नाही, दयाही नाही. घर बंद करून माणसं गावाला गेल्यावर आत जसं असतं, तसं तिच्या आत होतं.

*

हे सगळं सुरू झालं ते राधेश्यामच्या मरणापासून. राधेश्याम तिचा एकुलता एक मुलगा. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला होता. पाळी संपवून पहाटे मोटारसायकलवर घरी येताना रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. एवढीच गोष्ट. पंचनाम्यात दोन ओळींत मावली.

पण दोन ओळींत मावणारं मरण कुणाला पटत नाही. तेराव्याला आलेल्या बायका शीतलकडं बघून कुजबुजल्या. हिचा पायगुण. लग्नाला दोन वर्षं होत आली, पाळणा न्हाई. मग काकासाहेबांना राधेश्यामच्या उशीच्या अभ्र्यात सुकलेलं लिंबू सापडलं. ते तिथं कसं आलं हे कुणी विचारलं नाही. शीतलला मात्र सगळ्यांनी विचारलं. ती "मला काय म्हाईत" म्हणून रडली, आणि रडली म्हणून लोकांचा संशय पक्का झाला.

उषाबाई रडली नव्हती. प्रेत आलं तेव्हा नाही, राखेला गेले तेव्हाही नाही. लोक म्हणाले, "धीराची बाई हाय." धीर वगैरे काही नव्हतं. तिला रडूच येत नव्हतं. ती भाकरी थापायची, ताटात घ्यायची, आणि समोर माती ठेवल्यासारखी बघत राहायची. कुणी काही विचारलं की एकच उत्तर. "मला काय बी झालं न्हाई."

काकासाहेब एक दिवस येऊन बसले.

"वहिनी, असं झुरून कसं चालंल? एकदा त्या माळावरच्या महाराजांकडं दोघींना नेतो. दूध का दूध होऊन जाईल. गेल्या साली देऊळगावच्या त्या चोरीत बी त्यांनीच निकाल देल्ता. चोर तिथंच पडल्ता, समद्यांच्या डोळ्यांदेखत."

"न्या," उषाबाई म्हणाली. तिला कुठंही नेलं असतं तरी ती हेच म्हणाली असती.

महाराजांचा नियम असा की जिच्यावर आळ आहे तिनं आदल्या दिवसापासून अन्नाला शिवायचं नाही. फिर्यादीला तो नियम नव्हता. त्या सकाळी काकासाहेबांच्या बायकोनं उषाबाईला आग्रहानं पिठलं-भाकरी वाढली. शीतल कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. जीपमध्ये चढताना ती सासूच्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्याबाई, मी काय बी केलं न्हाई. तुमी तरी सांगा ना त्यांना." उषाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.

*

बऱ्याच वेळानं टाळ्यांचा ठेका तुटला तशी उषाबाईनं डोळे उघडले. शीतल देवळाच्या कोपऱ्याला धरून ओकत होती. पोटात काही नव्हतंच, हिरवट पाणी पडत होतं. ती दोन पावलं पुढं आली, तोल गेला आणि मुरमावर आडवी झाली.

मग महाराजांनी दोन्ही हात वर केले.

"पाहा! समद्यांनी पाहा! एकच तांब्या, एकच तीर्थ! ही माय बसली हाय, हिच्या केसाला धक्का न्हाई. अन् ही पाहा! मी काय बोललो? मी बोललो का काय? निकाल कोनाचा?"

"देवाचा!"

"हिला कोनी शिवायचं न्हाई. दिवस मावळला की मी उतारा टाकीन. तवर पडू द्या. पाप उतरून राह्यलं."

मोबाइल जवळ आले. कुणीतरी शीतलच्या तोंडाचं चित्रण अगदी वाकून घेतलं. तिचे ओठ निळसर पडले होते. ती हातावर सरकत सरकत उषाबाईपर्यंत आली आणि तिनं तिचा पाय धरला.

"आत्याबाई... पानी..."

उषाबाईला नंतर कितीदा तरी विचारण्यात आलं की तेव्हा तुम्हाला काय वाटलं. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. माया दाटून आली वगैरे काही झालं नाही. घोट्यावर पडलेला तो हात फार गार होता. उन्हानं मुरूम तापला होता, आणि त्यात तो एक हात गार. तिला एवढंच कळलं की राधेश्यामचा हातही आणला तेव्हा असाच होता. अन् ती उठून उभी राहिली.

"कडूबा," तिनं जीपवाल्याला हाक मारली, "गाडी काढ. हिला आत घाल."

"वहिनी!" काकासाहेब पुढं आले. "महाराज काय बोलले ऐकलं न्हाई का? शिवायचं न्हाई!"

"मला शिवता येतंय. मी खरी ठरले ना?"

काकासाहेब महाराजांकडं बघू लागले. त्यांनीच तिला घटकेपूर्वी सगळ्या माळासमोर पुण्यवान करून ठेवलं होतं. कडूबानं शीतलला उचलून मागच्या सीटवर निजवलं. उषाबाई तिच्या उशाशी बसली. काकासाहेब शेवटी धावत येऊन पुढं चढले.

*

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टर नीला होत्या. मूळच्या जालन्याच्या, वय पस्तिशीचं. त्यांनी शीतलचं मनगट धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. नाडी फार सावकाश चालत होती, आणि मधूनच एखादा ठोका गळत होता.

"काय खाल्लंय हिनं?"

"खाल्लं काय बी न्हाई. उपास होता," काकासाहेब म्हणाले.

"मग प्यायलं काय?"

उषाबाई म्हणाली, "तीर्थ."

"कसलं तीर्थ? कुणी दिलं?"

तोवर नर्सनं शीतलच्या छातीला तारा चिकटवल्या होत्या. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती पाहिली आणि त्या भराभर सूचना देऊ लागल्या. कोळशाची पूड पाण्यात कालवून आणा, नाडी सावरणारं इंजेक्शन भरा, जालन्याला फोन लावा, गाडी तयार ठेवा.

"हे विष आहे," त्या काम करता करता म्हणाल्या. "कण्हेरीच्या जातीचं. बांधावर पिवळ्या फुलांची बिट्टी असते बघा, तिच्यातही असतं. ते थेट हृदयाला धरतं."

"विष?" काकासाहेबांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. त्यांच्याकडं बिनतोड मुद्दा होता. "म्याडम, माफ करा, पन तुमचं काहीतरी चुकून राह्यलं. ह्या माझ्या वहिनी. त्यांनी बी तेच पिलंय. एकाच तांब्यातलं, एकाच वाटीनं. उलट पयले त्यांनीच पिलं. मंग त्यांना कसं काय झालं न्हाई? विष मानूस बघून चढतं का?"

डॉक्टर थांबल्या. त्यांनी वळून बाकड्यावर बसलेल्या उषाबाईकडं पाहिलं.

"यांनीही प्यायलंय? आणि तुम्ही हे आता सांगताय?"

"मला काय बी झालं न्हाई," उषाबाई म्हणाली.

"हात द्या."

उषाबाईनं हात दिला. डॉक्टर मनगट धरून बराच वेळ घड्याळाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी तिलाही शेजारच्या खाटेवर झोपवलं आणि तारा लावल्या. पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती पट्टी शीतलच्या पट्टीशेजारी धरली आणि काकासाहेबांना जवळ बोलावलं.

"ही रेघ बघा. ही इथं अशी खाली ओढलेली दिसतेय ना? आता यांची बघा. तशीच. यांनाही चढायला लागलंय. फक्त उशिरा."

कोळशाचं काळं पाणी उषाबाईलाही पाजलं. ती निमूट प्यायली. दिवेलागणीला भिंतीवरच्या ट्यूबलाइटभोवती पिवळं कडं दिसायला लागलं. आधी तिला वाटलं, दिवाच तसा आहे. मग नर्सच्या पांढऱ्या कपड्यांनाही तेच पिवळं लागलेलं दिसलं. ती खाटेच्या कडेला वाकून ओकली. उशाशी ठेवलेलं यंत्र तिच्या काळजाचे ठोके टिकटिक करून मोजत होतं. विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की पाणी जसं थांबून थांबून येतं, तसं ते वाजत होतं. एक, मग बराच वेळ काही नाही, मग दोन. उषाबाई ते ऐकत पडून राहिली. ते आपलंच आहे असं तिला वाटत नव्हतं.

काकासाहेब दारात उभे होते. दुपारी दोषी ठरलेली एका खाटेवर होती, निर्दोष ठरलेली दुसऱ्या खाटेवर, आणि दोघींच्या उशाशी एकसारखंच यंत्र वाजत होतं. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

*

दोघींनाही त्याच संध्याकाळी जालन्याला हलवलं. शीतलचं एकदा फार कठीण झालं होतं, पण दोघी वाचल्या. डॉक्टर नीला त्यांना भेटायला आल्या तेव्हा उषाबाईनं पहिल्यांदाच आपणहून काही विचारलं.

"बाई, पानी तेच व्हतं. मंग ती पयले काहून पडली?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या.

"काकू, हृदयाचा प्रत्येक ठोका पडतो ना, तेव्हा हृदयाच्या बारीक बारीक पेशींत थोडं मीठ शिरतं. ते बाहेर फेकायला तिथं इवलासा पंप असतो. हे विष जाऊन नेमकं त्या पंपाला चिकटतं आणि तो अडकवतं. आता हृदय सावकाश चाललं असेल तर मीठ थोडं थोडं शिरतं, पंपाला घाई नसते, विषही सावकाश धरतं. पण हृदय धाड धाड पळत असेल, तर मीठही भराभर शिरतं, पंपही जोरात चालतो, आणि जितका जोरात चालतो तितकं ते विष त्याला लवकर धरतं. प्रयोगशाळेत जनावरांच्या हृदयावर हे तपासून पाहिलेलं आहे. ठोके वाढवले की विषाचा परिणाम आधी दिसतो. याच जातीचं औषध आम्ही हृदयाच्या रोग्यांना देतो, पण अगदी मोजून, आणि नाडी बघत बघत."

"म्हंजी ती पळाली म्हून?"

"पळाली म्हणून. उन्हात पळवली म्हणून. उपाशी होती, विष पोटात लवकर भिनलं म्हणून. आणि घाबरली होती म्हणून. घाबरल्यावर बसल्या जागीसुद्धा छाती धडधडते. तुम्ही जेवलेल्या होता आणि सावलीत शांत बसून होता. पण ध्यानात घ्या, ती बसून राहिली असती तरी सुटली नसती. तुम्ही कुठं सुटलात? महाराजांना तुम्ही मरता का जगता याच्याशी काम नव्हतंच. तुमच्यातली एक दुसरीच्या आधी पडली पाहिजे, आणि ती लोकांच्या डोळ्यांसमोर पडली पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं."

"अन् मी घरी जाऊन पडले असते तर?"

"तर लोक म्हणाले असते, मुलाच्या दुःखानं गेली."

पलीकडच्या खाटेवर शीतल जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. दवाखान्यातून सुटल्यावर ती माहेरी, तीर्थपुरीला गेली. निघताना सासूच्या पाया पडली नाही, आणि उषाबाईनंही तिला थांबवलं नाही. कुठल्या तोंडानं थांबवणार होती?

पण घरी न जाता उषाबाई कडूबाच्या जीपमधून सरळ पोलीस ठाण्यात गेली आणि तिनं फिर्याद दिली. जादूटोणाविरोधी कायदा आहे हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. फौजदारांनी विचारलं, "आजी, तुमच्यावर दबाव येईल. टिकाल ना?" ती म्हणाली, "मला काय बी होत न्हाई." ते खरंच होतं.

*

पोलिसांनी महाराजांना जागा दाखवायला माळावर आणलं तेव्हा पुन्हा माणसं जमली. या वेळी ती चिडलेली होती. "देवाच्या मानसाला हात लावून राह्यले!" अशी ओरड चालली होती. देवळाच्या मागच्या बाजूला पोलिसांना पिवळ्या फुलांची बिट्टीची झाडं सापडली, आणि आतल्या खोलीत टोपलीभर बिया. फौजदारांनी डॉक्टर नीलांनाही बोलावलं होतं. त्या ओट्यावर चढल्या आणि त्यांनी दवाखान्यात सांगितलं होतं तेच सगळं माळाला सांगितलं, मीठ, पंप, पळणारं हृदय. दोन्ही पट्ट्या त्यांनी हातात धरून दाखवल्या. काही लोक ऐकत होते, काही मान हलवत होते.

"महाराज, तुमी बोला!" मागून एकानं हाक दिली.

महाराजांना बोलायचं निमित्तच पाहिजे होतं. माइक नव्हता, घुमारा नव्हता, तरी आवाज चढवला. "मी काय बोलू? मी पोस्टमन! ज्याच्या मनात कपट, त्यालाच ते इंगळ होतं. शास्त्र बिस्त्र तुमच्या शेरात. इथं श्रद्धा पाहिजे!"

उषाबाई गर्दीतून वाट काढत पुढं आली. तिला पाहून लोकांनी आपसूक जागा दिली.

"महाराज," ती म्हणाली, "तुमच्या मनात तर कपट न्हाई. मंग तुमी प्या, अन् घाला देवाला फेऱ्या. खऱ्याला पळायची भीती कसली?"

महाराजांनी इकडंतिकडं पाहिलं.

"आज... आज माझा निर्जळी उपास हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघंतिघं हसले. हसू वणव्यासारखं पसरलं नाही, पण जिथं होतं तिथून विझलंही नाही.

फौजदार पुढं झाले. "मंडळी, तुमच्या महाराजांनी काल जबाब दिलाय, तो मीच सांगतो. तरुणपणी हे शेळ्या राखत होते. एकदा कळपानं कण्हेर खाल्ली. सावलीला बसलेल्या शेळ्या बऱ्याच उशिरानं पडल्या, आणि कुत्रं मागं लागून पळालेल्या आधी. यांच्या ध्यानात ते राहिलं. देवानं यांना एवढंच सांगितलंय, आणि ते शेळ्यांकडून."

आता कुणी हसलं नाही. गेल्या साली देऊळगावचा जो माणूस चोर म्हणून इथं पडला होता, त्याचा भाऊ गर्दीत होता. तो खाली बसला आणि त्यानं डोक्याला हात लावला.

पण विश्वास असा एका फटक्यात मरत नाही. काकासाहेबांच्या शेजारचा एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "बाई म्हन्तात ते बराबर असंल. भ्याल्यावर काळीज पळतं, अन् पळतं त्याला विष लवकर धरतं. पन मी म्हन्तो, भेतं कोन? ज्यानं केलं तोच भेतो ना? मंग महाराजांचा निकाल चुकला कुठं?"

गर्दीत माना डोलल्या. हा मुद्दा लोकांना आवडला. डॉक्टर काही बोलणार, तोच उषाबाईनं हात वर केला.

"मी सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, त्यामुळं माणसांना पुढं सरकावं लागलं. "माझी सून भ्याली. पाचशे मानसं तिच्याभवती उभी व्हती, येक बी तिचं न्हवतं. तिचा नवरा नुकताच मेलता. आदल्या दिवसापासून पोटात अन्न न्हवतं. तुमी तिच्या जागी असता तर भ्याले नसते का? मी भ्याले न्हाई. काहून? मी पुन्यवान म्हून? माझं पोर मेल्यापासून माझ्या आत काय बी उरलं न्हाई. मला भूक कळत न्हाई, चव कळत न्हाई. मी दगड झाले, अन् दगडाला तुमी देवी केलं."

म्हातारा खाली बघू लागला.

"अन् आनखी आयका. शीतलनं काय बी केलं न्हवतं. पोरगा ट्रॉलीला धडकून गेला, ट्रॉलीला दिवा न्हवता, हे मला पयल्या दिवसापासून ठावं व्हतं. तरी मी तिला हितं आनलं. ती म्हनाली आत्याबाई, सांगा त्यांना, अन् मी तोंड फिरवलं. ह्या समद्यात पाप कुनी केलं असंल तर मी केलं. अन् तुमच्या तीर्थानं मलाच सोडलं."

काकासाहेब मान खाली घालून उभे होते. गर्दीच्या अगदी कडेला, भावासोबत, शीतल उभी होती. जबाब द्यायला आली होती, तिथून माळावर आली असावी. उषाबाईला ती दिसली. तिनं बोलणं थांबवलं नाही आणि तिच्याकडं जायचा प्रयत्नही केला नाही. क्षमा मागायची ती माळावर नाही, तीर्थपुरीला तिच्या दारात जाऊन मागायची, हे तिचं ठरलं होतं. मिळेल की नाही ते तिला माहीत नव्हतं.

"माझं येकच मागनं हाय," ती म्हणाली. "कुनी तुमच्या फुडं काही प्यायला धरलं, तर त्यात काय हाय ते पयले इचारा. सांगत नसंल तर पिऊ नका, मंग देनारा कुनी का असंना. डाक्टर बाई सांगतात ते बी डोळे मिटून घेऊ नका, त्यांना बी इचारा, त्या समजावून सांगतात. मला सांगितलं. अन् मानूस पडलं, तर ते खरं का खोटं हे बघत उभं राहू नका. मोबाइल खिशात घाला, त्याला उचला, दवाखान्यात न्या. पाप हाय का पुन्य, ते मानूस जगल्यावर बघता येतं."